स्नॅपशॉट पुसूनही डिस्क भरलेलीच का राहते, आणि बॅकअप नेमका कशाचा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात एकच सर्व्हर, त्यावर उबंटू आणि केव्हीएम (एका मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी लिनक्सची सोय), ९६० जीबीची एसएसडी. तिच्यावर चार व्हीएम, म्हणजे आभासी संगणक: टॅलीसाठी विंडोज सर्व्हर, मायएसक्यूएलवर चालणारं वेब ॲप, फाइल सर्व्हर आणि एक टेस्टिंगची. दर शनिवारी व्हर्ट-मॅनेजर या व्हीएम सांभाळायच्या प्रोग्रॅममधून प्रत्येकीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या अवस्थेची खूण) घेतला जातो. आता डिस्क ९४ टक्के भरली आहे. जुने काही स्नॅपशॉट पुसले, तरी जागा मिळाली नाही. ४ टीबीची यूएसबी डिस्क आणली आहे, तिच्यावर स्नॅपशॉट कसे हलवायचे, ही विचारणा.

आधी शेवटच्या भागाचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. स्नॅपशॉट वेगळा उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवता येत नाही, आणि ठेवता आला तरी तो बॅकअप होणार नाही. स्नॅपशॉट म्हणजे डेटाची प्रत नव्हे. लिहिलेल्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि पुढचं सगळं त्यावर लिहावं, तसा हा प्रकार आहे: खालचं पान फाटलं तर वरच्या कागदावरच्या सुट्या ओळींना अर्थ उरत नाही. तुमची एसएसडी गेली तर मूळ डिस्क आणि सगळे शनिवार एकाच क्षणी जातील. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातल्या ईएसएक्सआय (व्हीएमवेअर कंपनीची व्हीएम चालवणारी प्रणाली) सर्व्हरांवर रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) मोठा हल्ला झाला. त्यात डिस्कच्या फाइलींबरोबर स्नॅपशॉटच्या फाइलीही एन्क्रिप्ट केल्या जात होत्या. अशा वेळी फक्त स्नॅपशॉटवर भिस्त ठेवून भागत नाही.

त्यामुळे दोन कामं मनात वेगळी करा. स्नॅपशॉट काही तासांसाठी असतो: अपडेट टाकण्याआधी घ्यायचा, सगळं नीट चाललंय हे बघायचं आणि पुसायचा. बॅकअप महिनोन्‌महिने टिकायचा असतो आणि मूळ डिस्क नसली तरी स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. ही फारकत झाली की जागेचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

आता जागा का मिळाली नाही ते बघू. व्हर्ट-मॅनेजरने बहुतेक अंतर्गत प्रकारचे स्नॅपशॉट घेतले असणार, म्हणजे सगळे त्या एकाच क्यूकाउ-टू फाइलच्या (व्हीएमची अख्खी डिस्क जिच्यात असते ती फाइल) पोटात बसलेले. तुम्ही टॅलीच्या व्हीएमचं 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो' या डिस्कच्या फाइलची माहिती देणाऱ्या कमांडचं आउटपुट दिलंय, त्यात व्हर्च्युअल साइझ २०० जीबी आणि डिस्क साइझ ३१८ जीबी दिसतेय. २०० जीबीची डिस्क ३१८ जीबी व्यापून बसली आहे. वरचे ११८ जीबी तरी स्नॅपशॉटचेच. खरा आकडा त्याहून मोठाच असेल, कारण त्या २०० पैकी सगळी जागा आजच्या डेटाने भरलेली नसते.

एक जुना स्नॅपशॉट पुसला की त्याची सगळी जागा सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. पण फाइलच्या आत प्रत्येक क्लस्टरचा (डेटाच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याचा, म्हणजे ब्लॉकचा) हिशोब असतो: तो कितीजण वापरताहेत. मार्चमधला एखादा ब्लॉक मार्चच्या चारही स्नॅपशॉटमध्ये असेल, तर पहिला पुसल्यावर वापरणारे चाराचे तीन झाले, इतकंच. जागा सुटते ती फक्त त्या एकट्या स्नॅपशॉटनेच धरून ठेवलेल्या ब्लॉकची. म्हणून दहापैकी तीन पुसून फारसं हाती लागत नाही आणि शेवटचे दोन पुसले की एकदम भरपूर जागा सुटते. क्रम कुठलाही चालेल, पण अर्ध्यावर थांबून निष्कर्ष काढू नका.

दुसरं म्हणजे, मोजमाप कशाने केलं? 'एलएस'ने दिसते ती फाइलची लांबी, आणि स्नॅपशॉट पुसल्यावर ती कमी होत नाही. फाइलने डिस्कवर खरोखर किती जागा अडवली आहे ते 'डीयू' सांगतो. आत मोकळे झालेले क्लस्टर बऱ्याचदा होस्टच्या, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या, फाइल सिस्टिमला परत दिले जातात, फाइलमध्ये भोकं पडतात आणि 'डीयू'चा आकडा उतरतो. काही वेळा ती जागा फाइलच्या आतच मोकळी राहते आणि पुढच्या लिखाणाला वापरली जाते. दोन्ही वेळी 'एलएस' तोच जुना आकडा दाखवत बसतो.

तिसरं कारण गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या सिस्टिमच्या, आत असतं. विंडोजमध्ये ४० जीबीचे जुने डंप (डेटाच्या काढून ठेवलेल्या प्रती) डिलीट केले, रीसायकल बिनही रिकामा केला, तरी होस्टला त्याची खबर लागत नाही. त्यासाठी डिस्कच्या एक्सएमएल व्याख्येत (व्हीएमच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये) डिस्कार्ड 'अनमॅप' असावं लागतं आणि गेस्टने ट्रिम ('हे ब्लॉक आता नकोत' ही सूचना) पाठवावं लागतं. इथे एक मेख आहे, आणि ती फार जणांना माहीत नसते: स्नॅपशॉट शिल्लक असताना ट्रिम करून उपयोग नाही. गेस्ट म्हणतो हा ब्लॉक नको, पण स्नॅपशॉटला तो हवाच असतो, म्हणून तो राहतो. आधी स्नॅपशॉट पुसायचे, मग ट्रिम.

कामाला हात घालण्यापूर्वी थोडी मोकळी जागा करून घ्या. ९४ टक्क्यांवर खेळ करू नका. एसएसडी पूर्ण भरली की क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) ज्या व्हीएमचं लिखाण अडलं ती थांबवून ठेवतो आणि 'व्हर्श लिस्ट'मध्ये (व्हर्श म्हणजे व्हीएम सांभाळायची कमांड) ती 'पॉज्ड' दिसते. डेटा खराब होऊ नये म्हणूनच तो तसं करतो. अशा वेळी तिला जबरदस्तीने बंद करू नका. जागा मोकळी करा आणि 'व्हर्श रिझ्यूम' द्या, ती थांबली होती तिथून पुढे चालू लागते. जागा कुठून मिळवायची? इमेजेसच्या फोल्डरमध्ये विंडोज आणि उबंटूच्या जुन्या आयएसओ फाइली (इन्स्टॉलेशनच्या डिस्कच्या प्रती) पडलेल्या असतातच. यूएसबी डिस्क आधी एक्स्ट४ ने फॉरमॅट करा (कारण पुढे येतंच), मग टेस्टिंगची व्हीएम बंद करून तिची डिस्क तात्पुरती यूएसबीवर हलवा. एवढ्यात सहज दहा-वीस जीबी सुटतात.

मग आजच्या घडीचा एक पूर्ण बॅकअप घ्या, स्नॅपशॉट पुसण्याच्या आधी. व्हीएम नीट शटडाउन करा आणि तिची क्यूकाउ-टू फाइल यूएसबी डिस्कवर कॉपी करा. नवीकोरी डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते. एक्सफॅटमध्ये फाइलमधली भोकं टिकत नाहीत. म्हणूनच ती आधी एक्स्ट४ ने फॉरमॅट करायला सांगितलं. कॉपी करताना स्पार्स, म्हणजे भोकं तशीच ठेवणारा, पर्याय वापरा. मोठ्या फाइलींना तासाभराच्या वर वेळ लागेल, म्हणून रात्रीची वेळ ठरवा.

आता एकेक व्हीएम घ्या. 'व्हर्श स्नॅपशॉट-लिस्ट' लावा आणि एकेक स्नॅपशॉट 'व्हर्श स्नॅपशॉट-डिलीट'ने पुसा. व्हीएम बंद असताना केलेलं उत्तम. चालू असतानाही होतं, पण ती मध्येच गोठते आणि टॅलीवर बसलेल्या माणसाचा खोळंबा होतो. सगळे पुसून झाले की एक्सएमएलमध्ये डिस्कार्ड लावा. हा बदल रीस्टार्टने लागू होत नाही, पूर्ण शटडाउन करून पुन्हा सुरू करावं लागतं. लिनक्स गेस्टमध्ये 'एफएसट्रिम -एव्ही' चालवा. विंडोजमध्ये 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडा. डिस्क व्हर्टआयओ-स्कझी या आभासी डिस्क कंट्रोलरवर असेल आणि डिस्कार्ड लागलं असेल, तर तिथे 'थिन प्रोव्हिजन्ड ड्राइव्ह' असं दिसतं. तसं दिसलं की ऑप्टिमाइझ करा. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसलं तर थांबा, कारण मग विंडोज डीफ्रॅग करेल, सगळे ब्लॉक इकडचे तिकडे हलतील आणि फाइल कमी व्हायच्या ऐवजी फुगेल.

एवढ्यानेही 'डीयू' खाली आला नाही तर व्हीएम बंद करून 'व्हर्ट-स्पार्सिफाय' (फाइलमधली रिकामी जागा सोडवणारी कमांड) इन-प्लेस पर्यायासह चालवा. त्याला वेगळी जागा लागत नाही. 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट'ने नवी आटोपशीर फाइलही बनवता येते, पण तिला दुसरीकडे जागा लागते आणि तिच्यात जुने अंतर्गत स्नॅपशॉट येत नाहीत. तुम्हाला ते नकोच आहेत, तेव्हा हरकत नाही. नवी फाइल लावून व्हीएम सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी मात्र ठेवा.

पुढे हे पुन्हा घडू नये यासाठी स्नॅपशॉट कशाने फुगतो ते समजून घ्यायला हवं. व्हीएम किती मोठी आहे याच्याशी त्याचा संबंध फार थोडा. संबंध आहे तो स्नॅपशॉटनंतर किती वेगवेगळ्या जागी लिहिलं जातं याच्याशी. क्यूकाउ-टूचा क्लस्टर मुळात ६४ केबीचा असतो. स्नॅपशॉट असताना गेस्टने ४ केबी लिहिले, तरी पूर्ण ६४ केबीचा नवा क्लस्टर घेतला जातो. तुमच्या मायएसक्यूएलने डिस्कभर विखुरलेली एक लाख छोटी लिखाणं केली असं धरा. प्रत्येकी ४ केबी म्हणजे डेटा साधारण ४०० एमबी, पण स्नॅपशॉटमुळे जागा अडली सुमारे ६.४ जीबी, सोळापट. म्हणूनच डेटाबेसच्या व्हीएमवर स्नॅपशॉट लांबवणं सगळ्यात महाग पडतं. फाइल सर्व्हरचं तसं नाही. तिथे मोठ्या फाइली सलग लिहिल्या जातात आणि हे प्रमाण बरंच सुसह्य राहतं.

बाकी फुगवणारे नेहमीचे: विंडोज अपडेट, पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती), रोज रात्री त्याच डिस्कवर पडणारा डेटाबेसचा डंप. डंप आणि पेज फाइल या दोन्हींसाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क द्या आणि बाह्य स्नॅपशॉट (नवं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारा) घेताना ती डिस्क 'स्नॅपशॉट=नो' देऊन वगळा. आणखी एक. चालू व्हीएमचा अंतर्गत स्नॅपशॉट घेतला की तिची रॅमही फाइलमध्ये लिहिली जाते. १६ जीबी रॅमच्या विंडोज सर्व्हरचा दर शनिवारी असा स्नॅपशॉट म्हणजे दर शनिवारी बरेचसे जीबी फक्त मेमरीपोटी. अपडेटपूर्वीचा स्नॅपशॉट व्हीएम बंद करून घ्या, हा खर्चच राहत नाही.

किती काळ ठेवायचा याला मी तीन दिवसांची मर्यादा पाळतो. व्हीएमवेअरही ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असंच सांगतं. त्यांच्याकडे साखळीत ३२ पर्यंत स्नॅपशॉट चालतात, पण सल्ला दोन-तीनचाच आहे, आणि तो रास्त आहे. हायपर-व्हीवाले यालाच चेकपॉइंट म्हणतात, व्हर्च्युअलबॉक्स डिफरन्सिंग इमेज बनवतो. नावं आणि फाइलींची एक्स्टेन्शनं बदलतात, वर सांगितलेलं गणित साधारण तेच राहतं.

जुना स्नॅपशॉट 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून ठेवण्यात एक वेगळा धोकाही आहे. तो रिव्हर्ट केला, म्हणजे व्हीएम त्या जुन्या अवस्थेत नेली, की मधला सगळा डेटा जातो. टॅलीच्या व्हीएमवर महिन्यापूर्वीचा स्नॅपशॉट रिव्हर्ट करणं म्हणजे महिन्याची व्हाउचरं पुसणं. शिवाय ती विंडोज डोमेनमध्ये (ऑफिसच्या सामाईक लॉगिन-व्यवस्थेत) असेल, तर मशीनच्या खात्याचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी आपोआप बदलतो. त्याहून जुन्या अवस्थेत गेलात की डोमेनशी विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश येऊ शकतो आणि लॉगिन अडू शकतं. जो स्नॅपशॉट तुम्ही कधी रिव्हर्ट करणारच नाही, त्याने अडवलेली जागा निव्वळ वाया आहे.

आता बॅकअप. इथे स्नॅपशॉटचा खरा उपयोग होतो: चालू व्हीएमची कॉपी घेताना खालची फाइल काही वेळ स्थिर ठेवणं. त्यासाठी बाह्य प्रकार वापरायचा. गेस्टमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट हा छोटा मदतनीस प्रोग्रॅम बसवा. मग 'व्हर्श स्नॅपशॉट-क्रिएट-ॲज' हे 'डिस्क-ओन्ली', 'ॲटॉमिक', 'क्वायेस' आणि 'नो-मेटाडेटा' या पर्यायांसह चालवा. क्वायेसमुळे एजंट क्षणभर फाइल सिस्टिम गोठवतो. विंडोजमध्ये तो हे काम व्हीएसएस या विंडोजच्याच सोयीकडून करून घेतो, म्हणून प्रत सुसंगत येते. त्या क्षणापासून नवं लिखाण वेगळ्या ओव्हरले फाइलमध्ये जातं आणि मूळ फाइल शांत राहते. ती यूएसबीवर कॉपी करा. कॉपी झाली की 'व्हर्श ब्लॉककमिट' हे 'ॲक्टिव्ह' आणि 'पिव्हट'सह द्या. ओव्हरलेमधलं लिखाण मूळ फाइलमध्ये मिसळतं आणि व्हीएम पुन्हा मूळ फाइलवर येते. 'व्हर्श डॉमब्लकलिस्ट'ने व्हीएम खरोखर मूळ फाइलवर आली आहे हे डोळ्यांनी बघा, आणि मगच ओव्हरले फाइल काढून टाका.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम ताणून सांगतोय. ओव्हरले वापरात असताना कुणीतरी 'ही कसली फाइल, जागा खातेय' म्हणून 'आरएम'ने पुसली, किंवा मूळ फाइलवरून थेट दुसरी व्हीएम सुरू केली, तर पहिल्या वेळी नवं लिखाण जातं आणि दुसऱ्या वेळी दोन्हींची संगत बिघडते. बॅकअपची स्क्रिप्ट मध्येच तुटली तरी ओव्हरले मागे राहतो आणि गुपचूप वाढत जातो. पुढच्या रात्री त्यावर दुसरा, मग तिसरा. म्हणून स्क्रिप्टची पहिली ओळच ही तपासणी असावी: व्हीएम आधीच ओव्हरलेवर चालतेय का? चालत असेल तर थांब आणि मेल पाठव. कमिटच्या वेळी मूळ फाइल वाढू शकते आणि ओव्हरले अजून तिथेच असतो, त्यामुळे ओव्हरलेएवढी जागा हाताशी ठेवावी लागते. एसएसडी ८० टक्क्यांच्या वर गेली की इशारा यावा अशी सोय करा. ९० ला आला तर हालचालीला वाव उरत नाही.

रोज पूर्ण फाइल कॉपी करत राहिलात तर ४ टीबीही काही दिवसांत भरेल. तिथे बोर्ग हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरा. तो फाइलचे तुकडे पाडतो, आधी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही आणि उरलेले कॉम्प्रेस करतो. २०० जीबीच्या डिस्कमध्ये दिवसभरात थोडेच ब्लॉक बदलतात, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून भर फार थोडी पडते. एक पथ्य पाळा: बोर्गला आधीच झिप केलेली फाइल देऊ नका. आतला थोडा डेटा बदलला तरी झिपचं स्वरूप पुढे सगळंच बदलतं आणि तुकडे जुळत नाहीत. सात रोजचे, चार आठवड्यांचे, सहा महिन्यांचे इतके बॅकअप तुमच्यासारख्या ऑफिसला पुरतात. 'बोर्ग प्रून'ने जुने काढता येतात, पण १.२ आवृत्तीपासून प्रूनने जागा लगेच सुटत नाही, त्यानंतर 'बोर्ग कॉम्पॅक्ट' चालवावं लागतं. हे राहून गेलं की 'बॅकअप पुसले तरी यूएसबी भरलेलीच' असा तुमचाच प्रश्न दुसऱ्या डिस्कवर उभा राहतो.

व्हीएमची डिस्क म्हणजे अख्खी व्हीएम नव्हे. 'व्हर्श डम्पएक्सएमएल'ने तिची व्याख्या फाइलमध्ये घ्या. यूईएफआयवर (मशीन सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर) चालत असेल तर त्याच्या सेटिंग्ज ठेवणारी एनव्हीरॅमची फाइल घ्या. विंडोज ११ ला व्हर्च्युअल टीपीएम (किल्ल्या जपणारी आभासी चिप) दिला असेल तर त्याचं फोल्डरही घ्या, नाहीतर बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली डिस्क रिकव्हरी कीशिवाय उघडणार नाही. या सगळ्या फाइली मिळून काही एमबी भरतात, पण सर्व्हर नव्याने उभा करताना त्यांच्यावाचून अडतं.

आणि टॅली, मायएसक्यूएल यांचा आतून घेतलेला बॅकअप याशिवाय रोज हवाच. मायएसक्यूएलसाठी 'मायएसक्यूएलडम्प' सिंगल-ट्रान्झॅक्शनसह, टॅलीसाठी तिच्यातलाच डेटा बॅकअप. लोक बऱ्याचदा परत मागतात ती टॅलीतली एक कंपनी किंवा डेटाबेसमधलं एक टेबल. तेवढ्यासाठी २०० जीबीची व्हीएम परत उभी करणं जिवावर येतं, आणि तशी वेळ येऊही नये.

यूएसबी डिस्क कायम सर्व्हरला जोडून ठेवू नका. रॅन्समवेअरला जोडलेली डिस्कही दिसते. दुसरी तशीच डिस्क घ्या, आठवड्याआड अदलाबदल करा आणि एक ऑफिसबाहेर असू द्या. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या मोठ्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होता अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. खर्च एका डिस्कचा आहे. मालकांना तो पटवून द्या.

पहिला बोर्ग बॅकअप झाला की त्याच आठवड्यात तो परत उभा करून बघा. तुमच्या एसएसडीवर आता जागा झालेली असेल. फाइल वेगळ्या नावाने बाहेर काढा आणि सेव्ह केलेल्या एक्सएमएलमध्ये नाव, यूयूआयडी (व्हीएमचा ओळख क्रमांक), मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि डिस्कचा मार्ग बदला. नेटवर्क कार्डाची लिंक 'डाउन' ठेवून व्हीएम सुरू करा. लिंक चालू राहिली तर एकाच आयपीची दोन मशीन नेटवर्कवर येतील आणि लोकांची टॅली भलत्याच सर्व्हरला जोडली जाईल. आत जाऊन टॅलीतली काल संध्याकाळची शेवटची एंट्री दिसते का ते बघा. दिसली, तर प्रत्येक व्हीएमसाठी सुरुवातीपासून किती वेळ लागला ते कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकवर चिकटवा. दर तीन महिन्यांनी एक वेगळी व्हीएम घेऊन हेच करा. टेस्टिंगची व्हीएम या फेरीतून वगळली तरी चालेल, तिचा बॅकअप घ्यायचीही गरज मला दिसत नाही.